खोटी हाक

चहाच्या सुट्टीत कापडाच्या गठ्ठ्यावर कुणीतरी पेपर पसरून ठेवला होता. त्यातल्या स्थानिक पानावर, अगदी खालच्या कोपऱ्यात, महेश्वरी बिराजदारला चंद्रिकाचा फोटो दिसला. हातात चषक, कमरेला रुंद काळा पट्टा, पिवळा चष्मा कपाळावर सरकवलेला. खाली लिहिलं होतं, प्रॅक्टिकल पिस्तूल स्पर्धेत महिला गटात चंद्रिका शेटे सलग तिसऱ्या वर्षी पहिल्या. पंचवीस वर्षांत चेहरा भरला होता, केस आखूड झाले होते, पण हसताना डावीकडे ओढला जाणारा ओठ तोच होता.

महेश्वरी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंगला होती. कापडाचे साठ-सत्तर थर एकावर एक रचायचे आणि खडूच्या रेघेवरून त्यांतून मशीन फिरवायचं. तिचा हात हलत नाही, असं मालक नव्या बायकांना सांगायचे. त्या दुपारी तिनं खाकी पँटची अख्खी थप्पी रेघ सोडून कापली.

लग्नाआधी तिचं नाव सिद्धेश्वरी होतं. सिद्धेश्वरी कलशेट्टी. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना बार्शीजवळ मुलामुलींचं दहा दिवसांचं नेमबाजीचं शिबिर भरलं होतं, आणि त्यातून संघात दोन मुली घेणार होते. सातव्या दिवसापर्यंत ती सगळ्यांच्या पुढं होती. दुपारी बाकीच्या मुली झोपल्या की ती विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीत जायची आणि हात स्थिर व्हावा म्हणून ताठ हातावर वीट धरून उभी राहायची. एकटी. आठव्या दिवशी शिबिराच्या मॅडमनी तिला बोलावून विचारलं, त्या खोलीत तुझ्यासोबत स्वयंपाक्याचा पोरगा कशाला असतो? तंबूतली मैत्रीण चंद्रिका बाजूला मान खाली घालून उभी होती. तिनंच पाहिलं होतं म्हणे, दोन वेळा.

वडिलांना निरोप गेला, ते येऊन घेऊन गेले. कॉलेज तिथंच संपलं. चार महिन्यांत मैंदर्गीच्या बिराजदारांकडं लग्न झालं. नवऱ्याचं नाव महेश्वर, म्हणून सासरी तिचं नाव महेश्वरी ठेवलं. नवरा चांगला निघाला, ही गोष्ट खरी. पण तो चांगला निघेल हे तेव्हा कुणाला माहीत होतं? दहा वर्षांनी त्यानं सोलापुरात भवानी पेठेत मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं आणि ती पुन्हा माहेरच्या गल्लीपासून दोन गल्ल्यांवर राहायला आली. वडिलांनी तिला एकदाही त्या शिबिराबद्दल विचारलं नव्हतं.

"मला पिस्तूल शिकायचं हाय," तिनं जेवताना नवऱ्याला सांगितलं.

महेश्वरनं भाकरीचा घास हातात धरला. "गुडघे दुखत्यात म्हणतीस आन् पिस्तूल घेऊन पळणार व्हय?"

"पळायचं नसतं. चालायचं असतं."

"मग जा की. मी कुठं नको म्हणालो?"

चंद्रिका ज्या क्लबात होती त्याच्या अर्जासोबत पोलिसांचा चारित्र्याचा दाखला लागत होता. तो मिळायला तीन आठवडे लागले. हातात आला तेव्हा ठाण्याच्या पायरीवर उभं राहून तिनं तो दोनदा वाचला.

अक्कलकोट रस्त्याला एका बंद पडलेल्या दगडखाणीत क्लबची रेंज होती. तिन्ही बाजूंनी उभा खडक, समोर मातीचा उंच बांध. क्लब चालवायचे सुभेदार ईश्वरप्पा, सैन्यातून निवृत्त झालेले. पिस्तुलं क्लबचीच, लहान बोअरची, त्यांच्या देखरेखीखालीच हातात मिळायची. नव्या बायकांना शिकवायचं काम चंद्रिकाकडं होतं.

पहिल्या रविवारी चंद्रिका सरळ तिच्यासमोर येऊन उभी राहिली. "नाव?"

"महेश्वरी बिराजदार."

"आधी कधी धरलंय हातात?"

"नाही."

चंद्रिकानं तिच्या डोळ्यांत बघितलं आणि पुढच्या बाईकडं वळली. तिला काही आठवलं नव्हतं. महेश्वरीनं घरून निघताना शंभर गोष्टींची तयारी केली होती, याची केली नव्हती.

खेळ समजायला सोपा होता. पिस्तूल टेबलावर रिकामं ठेवलेलं. बझर वाजला की उचलायचं, मॅगझिन घालायची, पुठ्ठ्याच्या प्रत्येक लक्ष्यावर दोन गोळ्या मारायच्या, लोखंडी थाळ्या पाडायच्या, मग जमिनीवर आखलेल्या पुढच्या चौकटीत जायचं आणि तिथून दिसेल त्यावर पुन्हा. "मिळालेले गुण भागिले लागलेला वेळ," चंद्रिका सांगायची. "नुसता नेम असून भागत नाही, नुसती घाई असूनही नाही. आणि जागा बदलताना बोट ट्रिगरबाहेर, नळी बांधाकडं. नळी मागं वळली की पंच 'स्टॉप' ओरडणार. तिथं तुमची स्पर्धा संपली. गुण नाहीत, दुसरी संधी नाही."

मग ती मागून येऊन महेश्वरीची मनगटं धरायची. "घट्ट धरा, पण कुणाचा गळा आवळल्यासारखं नको."

महेश्वरी म्हणायची, "बरं मॅडम."

नेम अजून होता, पण सवय शिबिरातल्या रायफलची होती. श्वास रोखून ती एकेका गोळीला इतका वेळ घ्यायची की पहिल्यांदा सगळी लक्ष्यं संपवायला तिला एकतीस सेकंद लागले. चंद्रिकाला त्यासाठी बारा लागायचे. महेश्वरीनं तो आकडा लक्षात ठेवला. गच्चीवर खडूनं चौकटी आखल्या आणि रोज सकाळी डबा करण्याआधी मोकळ्या हातांनी एकीतून दुसरीत पाऊल टाकायची. पाऊल पडतं तेव्हा डोळा पुढच्या लक्ष्यावर आधीच गेलेला पाहिजे, हे तिला चंद्रिकानंच शिकवलं होतं. चंद्रिका फार चांगलं शिकवायची. कुणाची चूक झाली की आवाज चढवायची नाही. एकदा महेश्वरीची रिक्षा चुकली तेव्हा तिनं स्कूटीवरून तिला पेठेपर्यंत सोडलं आणि वाटेत आपल्या मुलीच्या बारावीबद्दल बोलत राहिली. मागं बसून महेश्वरी तिच्या मानेकडं बघत होती. ही बाई वाईट असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

सहा महिन्यांत एकतीसचे सोळा झाले. तोवर महेश्वरीच्या मनात एवढंच होतं, की मार्चमधल्या क्लबच्या स्पर्धेत हिला सगळ्यांसमोर हरवायचं आणि चषक हातात घेऊन स्वतःचं जुनं नाव सांगायचं.

जानेवारीतल्या एका रविवारी सराव आटोपल्यावर सगळे खडकाच्या सावलीत चहा घेत होते. एका नव्या मुलीनं चंद्रिकाला विचारलं, "मॅडम, तुमची सुरुवात कशी झाली?"

"बार्शीला शिबिर होतं," चंद्रिका म्हणाली. "तिथून संघात निवड झाली. मग दोन पदकं मिळाली, खेळाडूंच्या कोट्यातून शाळेत नोकरी लागली. सगळं त्या शिबिरामुळं. खरं तर मी तिसरी होते, आणि घेणार होते दोघींना. पण पहिली होती ती पोरगी मध्येच घरी गेली. काहीतरी झालं होतं तिचं. नशीब म्हणायचं."

"कुणाचं?" महेश्वरीनं विचारलं.

चंद्रिका हसली. "माझं. आणखी कुणाचं?"

महेश्वरीनं कपातला चहा मातीवर ओतला. इतकी वर्षं तिला वाटत होतं की चंद्रिका कुठंतरी बसून ते आठवत असेल, कधी तिची झोप उडत असेल. तिनं तर ते नशिबाच्या खात्यात टाकून दिलं होतं. त्या दिवसापासून नुसतं हरवणं महेश्वरीला पुरेना. हरलेला माणूस पुढच्या वर्षी जिंकतो. आपल्याला झालं तसंच चंद्रिकाला व्हायला हवं होतं, न केलेल्या गोष्टीसाठी, आणि तिचा शब्द कुणी मानता कामा नये.

क्लब लहान होता, म्हणून स्पर्धेत ज्याची पाळी नसेल त्यानं पंचाला मदत करायची अशी रीत होती. मुख्य पंच टायमर घेऊन खेळाडूच्या मागं चालायचा आणि बाजूचा पंच नळीवर आणि बोटावर नजर ठेवायचा. हे काम शिकवताना चंद्रिका नव्या लोकांना म्हणाली होती, "दिसलं तर ओरडायचं. माणूस बघायचा नाही. मी असले तरी." महेश्वरीची नजर पक्की, म्हणून सुभेदारांनी तिचं नाव शेवटच्या टप्प्यावर बाजूच्या पंचाच्या यादीत घातलं.

मार्चचा तो रविवार सकाळपासूनच तापला होता. सत्तावीस जण उतरले होते, त्यांत सहा बायका. एकूण चार टप्पे. महेश्वरीचे तीन झाले होते आणि ते चांगले गेले होते, किती चांगले हे तिला माहीत नव्हतं, कारण गुण शेवटी लावायचे. चौथ्या टप्प्यावर तिची पाळी यायला अवकाश होता. ती गळ्यात पंचाची शिट्टी आणि ओळखपत्र अडकवून डाव्या बाजूला उभी राहिली. चंद्रिका टेबलापाशी आली, मुख्य पंच म्हणून सुभेदार टायमर घेऊन तिच्या मागं. तिनं महेश्वरीकडं बघून मान हलवली, चांगल्या ओळखीच्या माणसाला हलवतात तशी.

बझर वाजला. चंद्रिका सुंदर खेळत होती. पहिल्या चौकटीतले पुठ्ठे, मग तीन थाळ्या एकामागून एक वाजून पडल्या. दुसऱ्या चौकटीकडं जाताना तिनं चालता चालता मॅगझिन बदलली, कोपर छातीशी घेतलं, बोट बाहेर. नळी बांधाकडं होती. महेश्वरीनं ते अगदी स्वच्छ पाहिलं. आणि पोटातून ओरडली, "स्टॉप!"

चंद्रिका जागच्या जागी थांबली. शिकलेल्या माणसासारखं तिनं पिस्तूल समोर धरून रिकामं केलं, सुभेदारांना दाखवलं, टेबलावर ठेवलं. मगच मागं वळली.

"काय झालं?" सुभेदारांनी विचारलं.

"नळी मागं आली. माझ्यापर्यंत."

"मी टायमर बघत होतो. नक्की?"

"नक्की."

"मी काही केलेलं नाही," चंद्रिका म्हणाली. तिचा आवाज शांत होता, अजून तिला वाटत होतं की कुणीतरी हो म्हणेल. "सुभेदार साहेब, पंधरा वर्षं खेळतेय मी. माझी नळी समोर होती."

"बाजूच्या पंचानं बघितलंय, मॅडम."

"त्यांना चुकीचं दिसलं असेल."

सुभेदारांनी यादीत तिच्या नावापुढं रेघ मारली. शेरा लिहिला, असुरक्षित हाताळणी. माणसं बाजूला होऊन हळू आवाजात बोलू लागली. इतक्या जुन्या खेळाडूकडून असं व्हावं, असं कुणीतरी म्हणालं. चंद्रिका पट्टा सोडत होती आणि तिची बोटं बकलावर अडकत होती. महेश्वरीला बरं वाटलं. इतकं बरं, की हसू येऊ नये म्हणून तिला जिभेचं टोक दातांखाली धरावं लागलं.

क्लबमध्ये मुबीन नावाचा टेम्पोवाला होता. तो प्रत्येकाचा खेळ मोबाइलवर घ्यायचा आणि ग्रुपवर टाकायचा. तो उजव्या बाजूच्या दगडावर उभा होता. आता तो सुभेदारांपाशी आला. "साहेब, जरा हे बघा. मॅडमची नळी कुठंच फिरली नाय."

सुभेदारांनी बघितलं. मग आणखी चौघांनी बघितलं. ऊन चकाकत होतं, म्हणून प्रत्येकानं हाताचा आडोसा करून बघितलं.

"आपल्या नियमात व्हिडिओ चालत नाही," सुभेदार शेवटी म्हणाले. "पंचानं हाक दिली ती दिली." मग ते महेश्वरीकडं वळले. म्हातारा माणूस चांगला होता, तिला वाट काढून देत होता. "ताई, उन्हात डोळ्याला भास होतो. माझा पण झालाय. तुमाला तसं दिसलं, एवढं म्हणा. विषय संपला."

तेवढं म्हटलं असतं तर खरंच संपला असता. सगळ्यांनी मान हलवली असती, आणि चंद्रिका घरी जाऊन म्हणाली असती, ऊन होतं, नशीब खराब होतं. महेश्वरीला तेच नको होतं.

"मला तसं दिसलं नव्हतं," ती म्हणाली. "नळी समोरच होती. मी खोटं बोलले."

सुभेदारांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. "का पण?"

"त्यांना विचारा. माझं माहेरचं नाव सिद्धेश्वरी. सिद्धेश्वरी कलशेट्टी. बार्शीच्या शिबिरातनं मध्येच घरी गेलेली पोरगी. मी एका पोरासोबत खोलीत होते, असं ह्यांनी मॅडमना जाऊन सांगितलं होतं. मी एकटी होते, हे ह्यांना माहीत होतं. खिडकीतनं बघून गेल्या होत्या."

चंद्रिकाचा चेहरा उतरला. तिनं महेश्वरीला नीट बघितलं, आठ महिन्यांत पहिल्यांदा. तिनं नाकारलं असतं तर तिथं तिचाच शब्द चालला असता, खोटं बोलल्याची कबुली दिलेल्या बाईवर कोण विश्वास ठेवणार होतं? पण तिनं नाकारलं नाही.

"एकोणीस वर्षांची होते मी," ती म्हणाली.

"मीबी एकोणीसचीच होते."

सुभेदारांनी महेश्वरीच्या गळ्यातलं ओळखपत्र मागून घेतलं. क्लबमध्ये तुम्हाला आता जागा नाही, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, आणि ते बरोबरच होतं. फाटकापर्यंत मात्र ते तिच्यासोबत चालत आले. "तीन टप्प्यांचे गुण मी लावले होते," ते म्हणाले. "तुमी पहिल्या होता. चौथा खेळला असता तर मॅडम हरल्या असत्या. कशाला हा उद्योग केलात?"

"पहिलं असून काय होतं ते मी एकदा बघितलंय, साहेब."

घरी तिनं महेश्वरला सगळं सांगितलं, शिबिरापासून. त्यानं हातातल्या मोटारीच्या आर्मेचरवर तारेचे आणखी दोन वेढे घातले. मग म्हणाला, "मला लग्नाआधीच कुणीतरी सांगितलं होतं, पोरीचं कायतरी झालंय म्हणून. मी म्हणलं, असंल. मी कधी तुला इचारलं न्हाय."

"कुणीच विचारलं नाही," ती म्हणाली आणि आत गेली. दोन दिवस ती त्याच्याशी नीट बोलली नाही.

पंधरा दिवसांनी महेश्वरी नवऱ्याच्या दुकानात बसलेली असताना चंद्रिका आली. उभ्यानंच बोलली. तिच्या नावापुढचा शेरा वर राज्य संघटनेकडं गेला होता आणि राज्याच्या निवड चाचणीत तिचं नाव अडकलं होतं. तोंडी कबुली चालत नव्हती, बाजूच्या पंचानं हाक खोटी होती असं लिहून दिलं तरच शेरा निघणार होता.

"देते," महेश्वरी म्हणाली. "आधी माझ्यासोबत चला. दोन गल्ल्या पलीकडं."

"कुठं?"

"आमच्या अप्पांकडं."

चंद्रिकाला समजलं. ती मागून चालत आली.

अप्पा ऐंशीच्या पुढं गेले होते. महेश्वरीच्या भावाच्या घरात दाराजवळच्या खाटेवर दिवसभर बसून असायचे. भाऊ नंदीश कामावर गेला होता. वहिनीनं चंद्रिकाला खुर्ची दिली आणि पाणी आणायला आत गेली. समोरच्या ओट्यावर दोघी बायका विड्या वळत होत्या.

"अप्पा, ह्या चंद्रिका. शिबिरात माझ्यासोबत होत्या."

"कोण?"

"मोठ्यानं सांगा," महेश्वरी चंद्रिकाला म्हणाली. "त्यांना कमी ऐकू येतं."

चंद्रिकानं उघड्या दाराकडं बघितलं. महेश्वरी दाराशेजारीच उभी होती. तिनं दार लोटलं नाही.

"मी शिबिरात हिच्याबद्दल खोटं सांगितलं होतं," चंद्रिका म्हणाली.

"काय?"

"मी खोटं सांगितलं होतं. हिच्यासोबत कोणी नव्हतं."

"ऐकू येईना," अप्पा म्हणाले आणि कानामागं हात धरला.

तिसऱ्यांदा चंद्रिकाला ओरडावं लागलं. "मी खोटं बोलले होते! तुमच्या मुलीनं काही केलं नव्हतं! तिची जागा मला पाहिजे होती, म्हणून मी बोलले!"

समोरच्या बायकांचे हात सुपात थांबले. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यातच उभी राहिली. अप्पा खूप वेळ चंद्रिकाकडं बघत होते. त्यांचे ओठ हलत होते, मनाशी काही जुळवत असल्यासारखे. मग ते मुलीकडं वळले.

"मग तवाच का न्हाय सांगितलीस?"

"सांगितलं होतं, अप्पा," महेश्वरी म्हणाली. "एसटीत बसल्यापासून सोलापुरात उतरेपर्यंत सांगत होते. तुमी खिडकीतनं बाहेर बघत होता."

ती नेहमीच्या आवाजात बोलली होती.

"काय म्हणतीस?" त्यांनी पुन्हा कानामागं हात धरला.

"काय न्हाय," ती म्हणाली.

तिनं वहिनीकडून कोरा कागद मागून घेतला, खिडकीच्या फळीवर ठेवून तीन ओळी लिहिल्या, सही केली आणि चंद्रिकाला दिला. चंद्रिकानं तो वाचून घडी घातला. खुर्चीवरून उठताना ती काहीतरी बोलायला गेली.

"नको," महेश्वरी म्हणाली. "मला ऐकायचं नाही."

चंद्रिका पायरी उतरली. समोरच्या दोघी अजून विड्या वळत नव्हत्या, तिच्याकडंच बघत होत्या. स्कूटी गल्लीच्या तोंडाशी लावलेली होती, तिथवर तिला चालत जायचं होतं. महेश्वरी दारात उभी राहिली आणि ती वळेपर्यंत बघत राहिली.